‘कायमस्वरूपी हटवा’ म्हणावं का?

प्रश्न: सांगलीत आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. सगळं फुटेज सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये असतं. मुलांच्या हातून मोठी फाइल चुकून डिलीट होते आणि मग ती रीसायकल बिनमध्ये सापडत नाही. कॉम्प्युटरशेजारी मराठीत सूचना लावायची आहे. ‘कायमस्वरूपी हटवा’ हे बरोबर का?

उत्तर: व्याकरणाला धरून आहे, पण तुमच्या कामाचं नाही. ‘हटवणे’ म्हणजे जागेवरून बाजूला करणे. मारुती रोडवरून गाडा हटवला तर तो हरभट रोडला जाऊन लागतो, गाडा असतोच. ‘फाइल हटवली’ म्हटलं की ती दुसरीकडे कुठेतरी असेल असंच वाटतं. त्यात ‘कायमस्वरूपी’ आपण टिकणाऱ्या गोष्टींना लावतो: कायमस्वरूपी नोकरी, कायमस्वरूपी पत्ता. जे परत येणार नाही ते ‘कायमचं’ जातं. म्हणून ‘कायमची पुसली जाईल’ म्हणा.

‘नष्ट करणे’ दप्तराच्या भाषेत शोभतं. मुदत संपलेली कागदपत्रं ठरवून नष्ट करतात; तुमच्याकडे तर चुकून होणारं टाळायचं आहे. ‘डिलीट’ मात्र सूचनेत बिनदिक्कत ठेवा. मुलं ‘डिलीट मारली’ असंच म्हणतात आणि कीबोर्डवरही तेच नाव आहे.

पण नुसता शब्द बदलून भागणार नाही, फाइल कुठे जाते तेही लिहायला हवं. सर्व्हरवरच्या फोल्डरमधली फाइल विंडोजमधून डिलीट केली की ती सहसा त्या कॉम्प्युटरच्या रीसायकल बिनमध्ये जातच नाही. विंडोज एकदा विचारतं, पण सवयीने एंटर दाबला जातो. म्हणून मी असं लिहीन:

‘इथली फाइल डिलीट केली की कायमची पुसली जाते. रीसायकल बिनमध्ये मिळणार नाही. आधी विचारा.’

डिलीट करण्याआधी स्क्रीनवर विचारणारी स्वतःची खिडकी बनवून घेणार असाल तर बटणांवर ‘हो’ आणि ‘नाही’ नको. ‘कायमची पुसा’ आणि ‘राहू द्या’ लिहा, म्हणजे प्रश्न न वाचणाऱ्यालाही आपण काय करतोय ते कळेल.

सर्व्हर लिनक्सचा असेल आणि फोल्डर सांबामधून (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजच्या कॉम्प्युटरवर उघडू देणारा प्रोग्राम) दिलं असेल, तर सांबाचं ‘रीसायकल’ मॉड्यूल, म्हणजे जोड-सोय, चालू करून घ्या. मग डिलीट केलेली फाइल सर्व्हरवरच वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. तिथे ‘मॅक्ससाइझ’ नावाची मर्यादा असते. ती घातली असेल तर त्याहून मोठी फाइल त्या फोल्डरमध्ये न जाता थेट पुसली जाते, म्हणजे नेमकं तुमचं लग्नाचं फुटेज. मर्यादा शून्य ठेवली की हा अडसर राहत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच. जे फक्त फुटेज बघतात त्यांना डिलीट करायची परवानगीच देऊ नका.

त्या वेगळ्या फोल्डरला मूळचं नाव टिंबाने सुरू होणारं असतं, त्यामुळे ते लपलेलं राहतं. नाव बदलायचं झालं तर ‘कचरा’ ठेवू नका. जागा कमी पडली की कचरा सगळ्यात आधी रिकामा होतो. ‘काढलेलं फुटेज’ लिहा.