सहावी ते आठवीच्या गणितात प्राध्यापकाने आयुष्यभर संशोधन करण्यासारखं असतं तरी काय?

भरपूर असतं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्लेंडा लॅपन यांचं उदाहरण घ्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सहावी ते आठवीसाठी 'कनेक्टेड मॅथेमॅटिक्स' हा अभ्यासक्रम तयार करायला घेतला.

त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. संत्र्याच्या सरबताची चार मिश्रणं आहेत. अर्क आणि पाणी यांचे कप अनुक्रमे २ व ३, ५ व ९, १ व २, ३ व ५. सर्वांत दाट चव कुठल्या मिश्रणाची? (पहिल्याची.) 'पाणी एकच कप जास्त, म्हणजे तिसरंही पहिल्याइतकंच दाट' असं मुलं बिनधास्त सांगतात. वजाबाकीतून गुणोत्तराकडे मूल कसं सरकतं, शिक्षकाने कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे शोधणं हीच खरी नोकरी. आधी नियम, मग वीस उदाहरणं, या आपल्या सवयीच्या नेमकं उलट.

१९९८ ते २००० त्या तिथल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. सगळं गोडगोड मात्र नव्हतं. १९९९ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने या अभ्यासक्रमाला 'आदर्श' ठरवलं, तेव्हा दोनशेहून अधिक गणितज्ञ आणि शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र छापून विरोध केला. आकडेमोडीचा सराव कमी पडतो, हा टीकाकारांचा आक्षेप मला पूर्ण चुकीचा वाटत नाही.

इकडे अशी वाट धरायची असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा, तिथे याच क्षेत्रात पीएचडी करता येते.