इमॅजिकाला जायचं, पण धाकट्याला घेऊनच

प्रिय मावशी,

आम्ही सिंहगड रोडला राहतो. मला दोन मुलं. थोरली १३ वर्षांची, धाकटा ९ वर्षांचा. धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मान धरतो, पण आधाराशिवाय बसता येत नाही, व्हीलचेअर लागते. बोलणं मोजक्या शब्दांचं. जेवण मऊ करून भरवावं लागतं. फिटचं औषध सकाळ-संध्याकाळ चालू आहे, शेवटची फिट येऊन वर्ष होत आलं. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं असा थोरलीचा हट्ट आहे. सासूबाई म्हणतात, "त्याला काय कळतंय तिथलं? उगाच लेकराचे हाल. तुम्ही तिघं जा, मी सांभाळते." हे म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." थोरली परवा रडवेली होऊन म्हणाली, "आपण चौघं कधी कुठे जातच नाही." मला त्याला न्यायचंय. पण तो घाबरून किंचाळला, लोक बघत राहिले, एवढी तिकिटं काढून काहीच करता आलं नाही, तर? माझा हट्ट चुकतोय का?

– एक आई

प्रिय लेकी,

तुझा हट्ट अजिबात चुकत नाहीये. त्याला न्यायचंच. त्यामुळे न्यावं की नाही यावर मी वेळ घालवत नाही, कसं न्यायचं तेवढंच बोलू.

पण आधी 'पुढच्या वर्षी'चं. हे वाक्य तुझ्या घरात बरेचदा ऐकू येत असणार, अशा बहुतेक घरांत येतं. यजमानांना शांतपणे एक गोष्ट सांग. आज तुम्ही दोघं मिळून त्याला उचलून पाळण्याच्या डब्यात बसवू शकता. तो वाढतोय, वजन वाढणार, पायांचा ताठरपणाही कदाचित वाढेल, आणि तुमच्या कमरा काही तरुण होणार नाहीत. राइडवरच्या माणसांनी त्याला उचलावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही, ते काम घरच्यांचंच. तेव्हा या सहलीसाठी पुढचं वर्ष या वर्षापेक्षा अवघडच असणार आहे.

आता तिकिटांच्या आधी करायच्या गोष्टी. पहिली म्हणजे फिजिओथेरपिस्टची गाठ घे. 'इमॅजिकाला नेऊ का?' असं मोघम विचारू नकोस, म्हणजे 'न्या की, काळजी घ्या' असं मोघम उत्तर मिळणार नाही. मोबाइलवर दोन-तीन राइड्सचे व्हिडिओ दाखव आणि विचार, हा धक्का त्याच्या मानेला चालेल का? खुब्याचं काय? सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत खुबा हळूहळू जागेवरून सरकण्याचं प्रमाण बरंच असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. खुब्याचा एक्स-रे काढून बरेच दिवस झाले असतील तर त्या निमित्ताने तेही होऊन जाईल. आधाराशिवाय बसता न येणाऱ्या मुलाला जोरात आपटणाऱ्या, डोकं खाली-पाय वर करणाऱ्या राइड्स नकोतच. नायट्रो, स्क्रीम मशीन वगैरे त्याच्यासाठी यादीतून काढूनच टाक. तिथे कुणी अडवलं तर तो भेदभाव नसतो, खांद्यावरून येणारा तो पट्टा स्वतःचं धड सावरू शकणाऱ्या शरीरासाठीच बनवलेला असतो.

दुसरी गाठ मेंदूविकारतज्ज्ञांची. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी फिट येते ती सगळ्यांना नाही, थोड्याच जणांना, पण तुझा त्यात आहे का हे ईईजीवरून, म्हणजे मेंदूतल्या लहरींच्या तपासणीवरून, डॉक्टर सांगू शकतील. तसा धोका असेल तर अंधार करून प्रकाशाचे झोत मारणारे सगळे खेळ बाद. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे तुम्हाला दिलाय का? नसेल तर त्याबद्दल विचार, आणि असेल तर तो कारमधल्या बॅगेत न ठेवता तुझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये ठेव. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर वाट बघायची नाही, स्प्रे आणि १०८. आणि एक प्रश्न नक्की विचार, कारण तो घाटात हमखास पुढे येतो: औषध दिल्यावर थोड्याच वेळात त्याला उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का? किती वेळाच्या आत? हे चिठ्ठीवर लिहून घे. बोरघाटाच्या वळणावर, एका हातात उलटीची पिशवी असताना, डॉक्टरांचा फोन लागेलच असं नाही.

डॉक्टरांकडूनच आणखी एक चिठ्ठी घे: मुलाला अमुक आजार आहे, घरचं मऊ जेवण आणि औषधं जवळ असणं गरजेचं आहे. अशा पार्कांत बाहेरचे डबे सहसा आत नेऊ देत नाहीत. चिठ्ठी असली की गेटवर वादाची वेळ येत नाही, त्याची मऊ खिचडी थर्मासमध्ये सुखरूप आत जाते.

मग पार्कला फोन कर, आणि फोनवर बोललेलं ईमेलवरही लिहून पाठव. कोणत्या राइडपर्यंत व्हीलचेअर जाते आणि कुठून पायऱ्या आहेत? लांब रांगेऐवजी त्याला वेगळ्या वाटेनं आत घेतात का? सोबतच्या माणसाला बसू देतात का? प्रथमोपचार केंद्र कुठे? यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, तिकिटात काही सूट आहे का, हेही विचार आणि मूळ कार्ड सोबत ने. उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेव. गेटवरच्या माणसाला 'फोनवर सांगितलं होतं' यापेक्षा ईमेलचं उत्तर दाखवणं सोपं जातं.

हे सगळं विचारताना संकोच नको. तू कुणाची मेहेरबानी मागत नाहीयेस. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी येते. त्या कायद्यानं 'सार्वजनिक इमारत' म्हणताना खासगी मालकीच्या पण लोकांसाठी खुल्या जागाही धरल्या आहेत, आणि त्यात करमणुकीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं जीजा घोष यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघालेल्या असताना त्यांना विमानातून उतरवलं होतं. न्यायालयानं त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तुला कोर्टात जायचं नाहीये, ठाऊक आहे मला. पण फोन उचलताना आवाज खाली जाऊ नये म्हणून हे सांगते.

आणि त्या फोनवर विचारायची सगळ्यात मोठी गोष्ट, जी आया लाजेनं विचारत नाहीत: ९ वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायचा कुठे? बाळांसाठी भिंतीला लावलेली ती छोटी फळी त्याला पुरणार नाही. त्याला आडवं करायला जागा लागते, दाराला कडी लागते. प्रथमोपचार केंद्रातला पलंग दहा मिनिटं मिळेल का, असं सरळ विचार. नाही मिळाला तर गाडीची मागची सीट आडवी करून, खाली जुनी गोधडी आणि तिच्यावर रबरी शीट टाकून, काचांना टॉवेल लावून बदलता येतं. त्यासाठी गाडी गेटजवळ लावू द्या असंही त्याच ईमेलमध्ये लिही. ओला डायपर तासन् तास अंगावर राहिला की तो चिडणार, आणि मग सगळे म्हणणार, 'बघ, त्याला आवडलं नाही.'

आता रंगीत तालीम. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून पुण्याच्या पोरांना फिरवतेय. एखाद्या गर्दी नसलेल्या संध्याकाळी त्याला तिथे ने. शिटीला तो कसा दचकतो, रांगेत किती वेळ तग धरतो, डब्यात त्याला कुणी कुठून धरलं की तो सैल बसतो, हे तुला तिथे कळेल. दचकणं हे या आजारात शरीराचंच असतं, अचानक आवाजाला हातपाय आपोआप ताणले जातात. ते भ्यायल्यामुळेच असेल असं नाही. दचकल्यानंतरचा त्याचा चेहरा बघ. पुन्हा गाडीकडे बघतोय की तोंड फिरवतोय? कानावर लावायचे आवाज अडवणारे हेडफोन आणून तेही तिथेच वापरून बघ. इमॅजिकात पहिल्यांदा घातलेस तर तो ते उपटून फेकेल.

त्या तालमीला सासूबाईंना मुद्दाम घेऊन जा. त्या दुष्टपणानं बोलत नाहीयेत. त्यांनी त्याला फिटमध्ये पाहिलंय आणि त्यांना भीती वाटते, ती काळजीच्या भाषेत बाहेर येते. 'त्याला काय कळतंय' याचं उत्तर तू घरात वाद घालून देऊ शकणार नाहीस. फुलराणीत त्यांच्या शेजारी बसून तोच देईल. नाही दिलं, तो खरंच दमला, रडला, तरी तुला काहीतरी खरं कळलेलं असेल, आणि तेही सारसबागेजवळ, घरापासून अर्ध्या तासावर.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल माझं म्हणणं एकच आहे. दिवस त्याच्या ताकदीनं बेतायचा, तिकिटाच्या किमतीनं नाही. आपण पुणेकर पैसे वसूल करायला पहाटे पाचला मुलं उठवून गाडीत घालतो. तुझ्या घरात ते नको. अपुरी झोप आणि चुकलेला डोस ही फिट येण्याची अगदी नेहमीची कारणं आहेत. त्याला त्याच्या वेळेला उठू दे, नाश्ता, औषध, मग निघा. एक्स्प्रेसवेनं घाट उतरून खोपोलीला, तिथून पालीच्या रस्त्याला. मध्ये एक थांबा पायांचा ताण काढायला. जेवणाच्या वेळेपर्यंत पोचलात तरी चालेल. परवडत असेल तर आदल्या रात्री लोणावळ्याला किंवा खोपोलीला मुक्काम करा, ते सगळ्यात उत्तम.

त्याच्यासाठी दोन खेळ पुरेत. कॅरोसेल, हळू फिरणारं, उघड्यावरचं काहीतरी, आणि फिजिओ हो म्हणाल्या तर आणखी एखादं. बाकी वेळ सावलीत बसून मिरवणूक, पाणी, माणसं बघण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नकोस. राजासॉरसची बोट पाण्याची आहे म्हणून मोहात पडू नकोस, आत अंधार आणि मोठे आवाज आहेत. सलीमगढ, तो भुताटकीचा खेळ, तर नकोच. जाण्याआधी आठवडाभर रोज त्याच त्या दोन राइड्सचे व्हिडिओ त्याला दाखव, म्हणजे तिथे गेल्यावर त्याला ते ओळखीचं वाटेल. आणि त्याला 'पुरे' म्हणता आलं पाहिजे. शब्द नसेल तर खूण ठरवा, डोळे मिटणं असो वा मान वळवणं असो, आणि ती खूण दिसली की त्या क्षणी थांबा. त्यानं खूण केली आणि तुम्ही ऐकलं, हे त्याला एकदा कळलं की पुढच्या खेळाला तो जास्त निर्धास्त बसेल.

लोक बघतील, हे खरं आहे. कुणीतरी 'बिच्चारा' म्हणेल, कुणी 'काय झालंय हो याला?' विचारेल. एक वाक्य तयार ठेव: "त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, आणि त्याला पाळणा आवडतो." एवढं बोलून पुढे जायचं. लहान मुलांनी विचारलं तर मात्र थांब, त्यांना व्हीलचेअरचा ब्रेक कसा लागतो ते दाखव. मुलांना तेवढंच हवं असतं.

आता थोरली. पत्र तू धाकट्यासाठी लिहिलंस, पण मला जास्त काळजी तिची वाटली. 'आपण चौघं' म्हणाली ती, 'मला' नाही म्हणाली. अशा घरांतली मोठी भावंडं लवकर शहाणी होतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात, त्यामुळे त्यांना हट्ट करायला जागाच उरत नाही. तिच्या वाट्याचे दोन-तीन तास ठरवून दे, भावाच्या सोयीतून उरलेले नव्हे. त्या वेळात बाबांनी तिच्यासोबत नायट्रोत बसायचं, ओरडायचं, पुन्हा रांगेत लागायचं. मध्येच 'चल गं, आई एकटी आहे' असा फोन येता कामा नये. म्हणून तिसरा मोठा माणूस सोबत हवा: तुझा भाऊ, धाकटा दीर, एखादी मैत्रीण, ज्याला धाकट्याला उचलता येतं असं कुणीही. मग तासभर तूही तिच्याबरोबर एखाद्या राइडमध्ये बस. तिला आईसुद्धा हवीये.

आणि तारीख. पाडवा, भाऊबीज आणि लागून आलेला शनिवार-रविवार टाळा. एक्स्प्रेसवेवर घाटात अडकून पडलात तर दिवस तिथेच संपेल. सुट्टीच्या शेवटाकडचा मंगळवार किंवा बुधवार धरा, यजमानांना आजच रजा टाकायला सांग, आणि तिकिटं काढताना तारीख बदलता येते का ते बघूनच काढ. आदल्या रात्री त्याला ताप आला तर थोरलीला 'रद्द' असं सांगू नकोस, नवी तारीख सांग.

– मावशी