माळी लावला, तरी बाबा बाल्कनीत जात नाहीत

“बाबा नुसते बसून असतात हो. त्यांना कशात तरी गुंतवायचंय.” जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला, आई गेली आणि वडील सतराव्या मजल्यावर खुर्चीत बसले, अशा घरांमधून हे वाक्य मी वृद्धांशी बोलण्याच्या माझ्या कामात वारंवार ऐकते. म्हणून एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, मूळचे संगमेश्वरकडचे. मुलाने हौसेने वीस कुंड्या आणल्या, माळीही लावला. “आम्ही काही कमी केलं नाही, मॅडम,” तो कळवळून म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पहिल्या दोन भेटींत काका हो-नाहीच्या पुढे गेले नाहीत. तिसऱ्या वेळी मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं.

“काका, बाल्कनीतलं कुठलं झाड तुमचं?”

“माझं कुठलं? माळी येतो मंगळवारी.”

“तुम्हाला काय लावावंसं वाटतं?”

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. घाई करायची नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मग हळूच म्हणाले, “अळू. चाळीत मोरीच्या पाण्यावर डब्यात लावलं होतं. ही वड्या करायची.” आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

त्या क्षणी मला नेमकं कळलं. काकांना गुंतवायला सगळे धावत होते, पण कुणाला त्यांची गरज उरली नव्हती.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या मंडळींना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, रोपही तुम्हीच निवडा आणि सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी घालणार नर्स. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही दिसू लागली. प्रयोग लहान होता, तरी माझ्या कामाचा पाया मी त्यावरच रचला आहे: आधी निर्णय परत द्या, मग विरंगुळा.

मुलाला मी एवढंच सांगितलं की बाल्कनीचा एक कोपरा काकांचा, तिथे माळ्याने हात लावायचा नाही. झाड मेलं तरी चालेल. हे शेवटचं मुलांना सर्वांत जड जातं. आपण आई-वडिलांना चुकूच देत नाही.

काळजी घ्यायचीच तर अशी घ्या. भरलेली कुंडी उचलायला लावू नका, ती कमरेच्या उंचीवर ठेवा म्हणजे वाकावं लागणार नाही. मातीत हात घालताना हातमोजे, मधुमेह असेल तर पायात चप्पल, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर डॉक्टरांना विचारा. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. मात्र झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, तर कुंडीच्या आधी डॉक्टर. त्यात चालढकल नको.

काका दादरच्या बाजारात स्वतः जाऊन कंद घेऊन आले. पहिले दोन कुजले. तिसऱ्याच्या वेळी मला फोन: “गुरुवारची वेळ बदला, पान उलगडतंय.” मी आनंदाने बदलली.

अडीच महिन्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं घेऊन आले. काळ्या देठाची, अजून ओली. मी आभार मानायच्या आत म्हणाले, “हा वडीचा अळू आहे, फतफतं करू नका. आणि चिंच सढळ हाताने घाला, नाहीतर घसा खाजेल.”