‘कुठलं मंडळ?’ : म्हाडाच्या दारात विचारला जाणारा पहिला प्रश्न

तुम्ही विचारलंय की म्हाडा आतून नेमकी कशी चालते, आणि विरारच्या सोडतीचा अर्ज व गिरगावातल्या मावशीच्या चाळीची दुरुस्ती, दोन्ही कामांसाठी एकाच साहेबाकडे जायचं का.

इमारत एकच, साहेब वेगळे. वांद्रे पूर्वेला कलानगरात गृहनिर्माण भवन आहे, तिथे दोन्हींची मुख्य कार्यालयं सापडतील. पण म्हाडाच्या पोटात वेगवेगळी मंडळं आहेत: विरारचं घर कोकण मंडळाचं आणि मावशीची चाळ इमारत दुरुस्ती मंडळाची. या दोन मंडळांचे मुख्य अधिकारी वेगळे, अभियंते वेगळे, पैशाच्या पिशव्याही वेगळ्या.

मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात पुनर्विकासाच्या फायली सांभाळतो, म्हणजे निम्मा आठवडा या इमारतीच्या जिन्यांवर जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी भायखळ्याच्या एका चाळीचा अर्ज घेऊन आवक विभागात उभा राहिलो होतो. वर ऐटीत लिहिलं होतं, ‘मा. मुख्य अधिकारी, म्हाडा’. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “कुठलं मंडळ?” मी म्हटलं, “म्हाडाच.” त्या हसल्या. “अहो, मुख्य अधिकारी प्रत्येक मंडळाला असतो. म्हाडाला नसतो.” मग त्यांनीच पेन पुढे केलं आणि मी ‘म्हाडा’ खोडून मंडळाचं नाव लिहिलं. ती खाडाखोड केलेली पोच आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

ही रचना अशी का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. म्हाडाचं पूर्ण नाव महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण. कायदा १९७६ चा, पण प्रत्यक्ष स्थापना ५ डिसेंबर १९७७ ची. त्याआधी हीच कामं चार वेगवेगळ्या मंडळांकडे होती. १९४८ च्या कायद्याने आलेलं गृहनिर्माण मंडळ वसाहती बांधायचं. विदर्भाचं मंडळ निराळं, कारण १९५६ पर्यंत तो भाग मध्य प्रदेशात होता आणि तिथला कायदाच वेगळा होता. जुन्या चाळींसाठी दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ होतं आणि झोपडपट्ट्यांसाठी सुधार मंडळ. १९७७ मध्ये या चौघांची मोट बांधली. चार भावांना एका घरात आणलं खरं, पण चुली आतल्या आत वेगळ्याच राहिल्या. १९९२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि आजची नऊ मंडळं झाली: मुंबई, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना, मुंबई झोपडपट्टी सुधार, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर.

या सगळ्यांच्या वर प्राधिकरण. त्याचा अध्यक्ष शासन नेमतं आणि ही नेमणूक बहुधा राजकीय असते. रोजचा कारभार मात्र ‘उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी’ पाहतात, ते भारतीय प्रशासकीय सेवेतले असतात. पदनामात ‘उप’ आहे म्हणून फसू नका, चाव्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला असतो. त्यांच्या हाताशी मुख्य अभियंता, वित्त नियंत्रक, विधी सल्लागार, वास्तुशास्त्रज्ञ आणि दक्षता विभाग. मंडळाच्या पातळीवरही तीच जोडी दिसते: सभापती शासनाने नेमलेले, मुख्य अधिकारी प्रशासनातले. सभापतींची खुर्ची रिकामी असली तरी फाईल थांबत नाही. मुख्य अधिकारी रजेवर गेले की मात्र थांबते. आणि सगळ्यांच्या वर मंत्रालयातला गृहनिर्माण विभाग, धोरण तिथून येतं.

आता मंडळाच्या आत. सामान्य माणसाचा संबंध तीन टेबलांशी येतो. सोडत, जाहिरात, विजेत्याची पात्रता हे पणन विभागाकडे, तिथे उपमुख्य अधिकारी बसतात. ताबा मिळाल्यानंतरचं सगळं, म्हणजे भाडं, सेवाशुल्क, घर नावावर करणं, वारस नोंद, हे मिळकत व्यवस्थापकाकडे. आणि वीट, सिमेंट, जमीन यांतलं काहीही असेल तर कार्यकारी अभियंता. मुंबई मंडळात कुर्ला, वांद्रे, गोरेगाव, बोरिवली असे अभियंत्यांचे विभाग आहेत. विक्रोळीच्या कन्नमवारनगरातला माणूस बोरिवली विभागात रांग लावून बसलेला मी पाहिलाय. बिचाऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं, ‘अभियंत्याकडे जा.’

माझं काम ज्यांच्याशी पडतं ते आणखी एक पद आहे, निवासी कार्यकारी अभियंता. नाव ऐकून वाटतं हे वसाहतीतच राहत असतील, पण ते गृहनिर्माण भवनात बसतात. म्हाडा वसाहतीतली जुनी सोसायटी विकास नियमावलीच्या ३३(५) खाली पुनर्विकासाला निघाली की प्रस्ताव यांच्याकडे येतो. इथून तो फिरायला लागतो. विभागाचा कार्यकारी अभियंता जागेवर जाऊन सीमांकन करतो: भूखंड किती, कुंपण कुठे, शेजारच्या सोसायटीने किती फूट आत घेतलंय. मिळकत व्यवस्थापक सभासदांची यादी आणि थकबाकी तपासतो. वास्तुशास्त्रज्ञाचा विभाग पूर्ण वसाहतीच्या अभिन्यासात, म्हणजे लेआउटमध्ये, या इमारतीला किती बांधकाम बसतं ते पाहतो. प्रत्येक टेबलावर टिपणी चढते, आणि हिरव्या पानांची ती फाईल वर जाऊन खाली येते तेव्हा तिची जाडी दुप्पट झालेली असते. मग देकारपत्र (ऑफर लेटर), मग अधिमूल्याचा (प्रीमियमचा) भरणा, मग ना हरकत. बांधकामाच्या परवानगीसाठी पूर्वी इथून पुढे महापालिकेत जावं लागे. २०१८ पासून म्हाडाच्या मुंबईतल्या अभिन्यासांसाठी म्हाडाच नियोजन प्राधिकरण आहे, त्यामुळे नकाशेही याच आवारात मंजूर होतात. आमच्या कार्यालयाचा टॅक्सीचा खर्च तेव्हापासून कमी झाला, एवढं छातीठोक सांगतो.

झोपडपट्टीचा गोंधळ सगळ्यात मोठा. म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ शौचालयं, पायवाटा, गटारं, संरक्षक भिंती अशी कामं करतं, पुष्कळदा आमदार-खासदार निधीतून. झोपडीच्या जागी पक्कं घर देणारी यंत्रणा म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, लोकांच्या तोंडचं एसआरए. ते १९९५ मध्ये आलं, १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली चालतं आणि त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. कार्यालय म्हाडाच्या शेजारीच असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. सिडको तर त्याहून लांब, ती नवी मुंबईवाली कंपनी.

नावातला ‘क्षेत्रविकास’ सगळे विसरतात. मला विचाराल तर म्हाडाचं सगळ्यात चांगलं काम सोडतीतलं नाहीच. चारकोप, गोराई, मालवणी या भागांत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याने छोटे भूखंड आखून दिले. रस्ता, पाणी, मलवाहिनी सरकारची, घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. चारकोपच्या एखाद्या सेक्टरात सकाळी जाऊन बघा. एका ओळीत तळमजला, त्यावर पोटमाळा, शेजारी दोन मजले, खाली पिठाची गिरणी. तिथली घरं माणसांबरोबर वाढत गेलेली कळतात.

आता तुमची दोन कामं.

विरार-बोळींज पालघर जिल्ह्यात येतं, म्हणून कोकण मंडळ. त्याची जाहिरात वेगळी निघते, मुंबई मंडळाची वेगळी. अर्ज ऑनलाइनच होतो. २०२३ पासून नवीन प्रणाली आहे: कागदपत्रं आधी तपासली जातात आणि पात्र अर्जच सोडतीत जातात. त्यामुळे उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला सोडत लागल्यावर काढू असं म्हणू नका. म्हाडाने कुठेही दलाल नेमलेला नाही. ‘साहेबांचा माणूस’ भेटला तर चहा त्याच्याच पैशाने प्या आणि निघा.

मावशीचं काम जरा खोलात जाऊन सांगतो. दुरुस्ती मंडळ फक्त शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत काम करतं, आणि तेही उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, इमारतींवर. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात १६,५०२, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात १,४८९ आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात १,६५१. ही शेवटची तारीख अशी अधांतरी वाटते ना? उपकर १ ऑक्टोबर १९६९ पासून लागू झाला, म्हणून आदल्या दिवशी रेघ मारली. हा उपकर महापालिका मालमत्ता कराबरोबर गोळा करते. त्यात शासन, महापालिका आणि म्हाडाची भर पडते आणि त्यातून दुरुस्ती होते. मालक भांडत असो की परदेशात असो, टेकू लावायला मंडळ येऊ शकतं ते यामुळेच. दर पावसाळ्याआधी सर्वेक्षण होऊन अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. त्यात नाव आलं तर रहिवाशांना संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, हलवतात. तिथे गेलेल्या पण मूळ जागी परत घर न मिळालेल्या लोकांची बृहतसूची हा वेगळाच विषय, त्यावर कोणी प्रश्न विचारला तर लिहीन.

या मंडळाचे अभियंते महापालिकेच्या वॉर्डांप्रमाणे विभागलेले आहेत. म्हणून आधी वांद्र्याला धावू नका. चाळीच्या मालमत्ता कराच्या बिलाची प्रत मिळवा. त्यावर दुरुस्ती उपकराची रक्कम दिसली तर इमारत उपकरप्राप्त आहे आणि काम या मंडळाचं. गिरगावचा थोडा भाग ‘सी’ वॉर्डात आणि थोडा ‘डी’त पडतो, तेही बिलावरूनच कळेल. मग त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज, सोबत कराचं बिल, मावशीची भाडेपावती आणि तुटलेल्या जिन्याचे, गळणाऱ्या छताचे फोटो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. आणि वर मंडळाचं नाव पूर्ण लिहा.