लाँग वीकेंडचं ३ दिवसांचं पंचकर्म डिटॉक्स पॅकेज घेऊ का? वमनाचा त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, आयटीत नोकरी, पित्त आणि सर्दी कायमची, आणि एका रिसॉर्टवर ३ दिवसांत मसाज, शिरोधारा (कपाळावर तेलाची धार), वमन (औषध देऊन उलट्या काढणं), विरेचन (औषध देऊन जुलाब) असं सगळं मिळतंय. मी डॉक्टर नाही, पण वमन घेतलंय आणि त्याच्या आधी असलंच एक पॅकेज पण करून बसलेय, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

३ दिवसांत वमन आणि विरेचन बसतच नाही हो. वमन झाल्यावर विरेचन घ्यायचं तर मध्ये साधारण पंधरवडा जावा लागतो. आणि शिरोधारा पंचकर्मातल्या पाचांत नाहीच. वमन, विरेचन, बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध सोडणं), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं, मसाज आणि वाफ ही त्यांची नुसती तयारी. मी त्या पॅकेजमध्ये ३ दिवस तेल लावून घेतलं, झोप मस्त लागली, शेवटच्या दिवशी सकाळी एक चूर्ण दिलं आणि दुपारी चेकआउट. घरी येताना घाटात दोनदा गाडी थांबवायला लागली, जास्त सांगत नाही. त्याला त्यांनी विरेचन म्हटलं होतं. आमची आजी रविवारी सकाळी चहातून एरंडेल पाजायची, त्यात आणि ह्यात फरक एवढाच की आजी पैसे घेत नव्हती.

खरं वमन घेतलं ते दोन वर्षांपूर्वी, चैत्रात. थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होतो म्हणून वसंतात वमन, हे आयुर्वेदाचं गणित, त्यामुळे आपल्याकडे होळीच्या आसपास वैद्यांकडे वमनाची गर्दी असते. मला दर वर्षी फेब्रुवारीपासून शिंका सुरू व्हायच्या, सकाळी उठल्यावर २०-२५ सलग. वैद्य मॅडमनी आधी बीपी, वजन, रक्त तपासण्या बघितल्या, पाळीची तारीख विचारली, मग दिवस ठरवला. पहिले काही दिवस पाचनाच्या गोळ्या, आणि मग आलं स्नेहपान, म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी तूप प्यायचं. पहिल्या दिवशी ३० मिली, मग रोज वाढवत पाचव्या दिवशी १५० मिली. १५० मिली म्हणजे आपला चहाचा कप भरून तूप! नाक दाबून, वर गरम पाणी, आणि खरी भूक लागेपर्यंत काहीही खायचं नाही. मला चौथ्या दिवशी दुपारी ३ पर्यंत भूक नव्हती, तुपाचे ढेकर येत होते आणि मी कॅमेरा बंद करून मीटिंग करत होते. लोक वमनाला घाबरतात, मला विचाराल तर कठीण हेच आहे.

तुपानंतर एक दिवस गॅप, त्या दिवशी कफ वाढवायला मुद्दाम दहीभात, उडदाचे वडे, पेढे. आई म्हणाली, "हे कसलं गं पथ्य, असं मलाही सांगायला सांग."

वमनाच्या दिवशी पहाटे तेल लावून वाफ दिली आणि खुर्चीवर बसवलं, पुढे टब. आधी पोट तुडुंब होईपर्यंत कोमट दूध, ग्लासावर ग्लास, मग गेळफळ (उलटी आणणारं औषधी फळ), वेखंड, सैंधव आणि मधाचं चाटण. आणि मग कोणी काही बोलेना, मॅडम नुसत्या माझ्या कपाळाकडे बघत बसल्या. आधी घाम आला, मग अंगावर काटा, मग पोट फुगल्यासारखं, मग तोंडाला पाणी सुटलं. हा क्रम पोथीतला आहे, घाम म्हणजे दोष (इथे साठलेला कफ) वितळला, काटा म्हणजे जागचा हलला, फुगलं म्हणजे पोटात आला, पाणी सुटलं म्हणजे वर निघाला. मानो न मानो, पण क्रम तसाच आला. मग उलटी. घशात बोट घालून नाही, आपोआप, एक बाई पाठीवरून खालून वर हात फिरवतेय, एक कपाळ धरून. मधे मधे ज्येष्ठमधाचा काढा पाजत होत्या, किती गेलं आणि किती बाहेर आलं हे मापाने लिहीत होत्या, बीपी घेत होत्या. ज्येष्ठमधामुळे उलटी पण गोडसर लागते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शेवटी कडू पिवळं पित्त आलं की थांबायचं. चरकसंहितेत ४ वेग, म्हणजे उलटीचे उमाळे, झाले तर शुद्धी कनिष्ठ, ६ मध्यम, ८ उत्तम, माझे ६ झाले. सगळं मिळून दोनेक तास.

मग ५ दिवस संसर्जन, म्हणजे हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणं. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण बिनफोडणीचं, मग फोडणीचं, प्रत्येक गोष्ट दोन-दोन जेवणं. पेजेला पहिल्यांदा मीठ मिळालं तेव्हा डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. माझी एक मैत्रीण वमनानंतर तिसऱ्या दिवशी लग्नात जेवून आली आणि आठवडाभर पोट धरून बसली. म्हणून लाँग वीकेंड वगैरे डोक्यातून काढा, साधारण १५ दिवस मोकळे पाहिजेत.

फायदा? त्या वर्षी शिंका जवळपास नव्हत्या, पुढच्या वर्षी आल्या, पण कमी. वमनाने की १५ दिवस बाहेरचं खाणं बंद असल्याने, देव जाणे. वजन ३ किलो उतरलं आणि महिन्यात परत आलं. आणि ते "शरीरातले टॉक्सिन्स बाहेर" वगैरे जाहिरातीतलं मी मानत नाही, रक्त साफ करायला लिव्हर आणि किडनी आहेत. बीपी, हृदयाचा त्रास, अल्सर, गरोदरपण असेल तर वमनाच्या वाटेला जाऊच नका, आणि व्हिडिओ बघून घरी मिठाचं पाणी पिऊन उलट्या तर अजिबात काढू नका, सोडियम पोटॅशियम बिघडलं की ॲडमिट व्हायची पाळी येते.

तुमचा मुख्य त्रास पित्ताचा आहे, तर तुम्हाला कदाचित वमन सांगणारच नाहीत, विरेचन सांगतील, आणि ते शरदात, ऑक्टोबर हीटच्या सुमाराला. नाडी न बघता, तपासण्या न करता फोनवरच "या, करून टाकू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आयुर्वेद कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये पंचकर्माचा वेगळा विभाग असतो, खर्चही रिसॉर्टपेक्षा बराच कमी येतो, तिथे आधी ओपीडीत दाखवा. आणि बुकिंग झालंच असेल तर तेल आणि वाफ घ्या, झोपा, फक्त चेकआउटच्या सकाळी चूर्ण दिलं तर पुडी खिशात टाका.