उंदीर थांबला, एवढंच लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले. ‘दुसऱ्या तुकडीतले उंदीर उदास झालेच नाहीत, माझं काय चुकलं?’

अरे, ते उदास झाले नाहीत हे तुला कसं कळलं? आणि पहिल्या तुकडीतले झाले होते हे तरी कुणी सांगितलं? चार आठवडे तू त्यांना ताण दिलास, मग पाण्याने भरलेल्या उंच काचपात्रात सोडलंस आणि किती सेकंद ते धडपड न करता तरंगत राहिले ते मोजलंस. तुझ्याजवळ सेकंद आहेत. उदासी तू वरून घातलीस. उंदीर थांबला, एवढंच लिही.

रागावून लिहिते आहे असं वाटेल. राग आहेच, पण तुझ्यावर कमी आणि आमच्या पिढीवर जास्त. ही भाषा तुला आम्हीच दिली.

१९७७ मध्ये पोर्सोल्ट या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पोहण्याची चाचणी मांडली, तेव्हा एक निरीक्षण आणि एक नाव अशा दोन गोष्टी एकदम हाती दिल्या. निरीक्षण असं, की बाहेर पडायला वाट नसली की उंदीर काही वेळाने धडपड थांबवतो, आणि नैराश्यावरची तेव्हाची औषधं दिली की तो जास्त वेळ धडपडतो. नाव दिलं हताशा. निरीक्षण आजही करून पाहता येतं. नावाचं काय? तरंगत राहिलं तरी बुडत नाही हे कळल्यावर उंदराने शक्ती राखून ठेवली, असंही म्हणता येतंच की! शिवाय या चाचणीत औषधाचा परिणाम एका दिवसात दिलेल्या दोन-तीन मात्रांनी दिसतो, माणसाला त्याच औषधाने बरं वाटायला आठवडे लागतात. तेव्हा हे दोन्ही एकच आहे असं धरून चालणं मला कधी पटलं नाही. कधी म्हणजे, नंतर. तिकडे येतेच.

सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे प्रयोग तुला पाठ असतील. विजेचे टाळता न येणारे झटके सोसलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहत. ‘शिकलेली असहायता’ हे नाव नैराश्याच्या अभ्यासात इतकं रुजलं, की आम्ही ते परीक्षेत डोळे मिटून लिहायचो. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं मधल्या काळातलं काम समोर ठेवून सांगितलं, की आपण उलटं वाचलं होतं. लांबलेल्या त्रासापुढे गप्प बसणं ही मुळातली प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते आपल्या हातात काही आहे हे. कुत्रे बसून राहत होते हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. कोसळलं ते नाव. स्वतःचंच नाव असं खाली उतरवणाऱ्या त्या दोघांविषयी मला अतोनात आदर आहे.

आणि ताणाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या हान्स सेल्ये यांचं १९३६ चं ते छोटंसं टिपण एकदा स्वतः वाच. त्रास दिलेल्या उंदरांच्या अॅड्रीनल ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस ही छातीतली ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले. ‘स्ट्रेस’ हा शब्द त्यात नाहीच. तो मागून आला.

आता माझं. ते सांगितल्याशिवाय तुला हे ऐकवायचा मला हक्क नाही. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच ‘नैराश्यग्रस्त उंदीर’ होते. आकडे देखणे आले होते. पण सेकंद मी स्वतः मोजले होते आणि कोणत्या उंदराला औषध दिलं आहे हे मला ठाऊक होतं. वर्षभराने तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी मोजणाऱ्या मुलीला गट ठाऊक नव्हते. फरक नाहीसा झाला. ती वही मी कपाटात ठेवली. काही वर्षांनी कुठल्याशा दूरच्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. माझ्या निबंधावर त्याने आपलं काम उभं केलं होतं, दोन वर्षं उलटली होती आणि काही जमत नव्हतं. माझं काय चुकतं आहे, असं त्यानेही विचारलं होतं. मी उत्तर दिलं, ‘पाण्याचं तापमान तपासून पाहा.’ कपाट माझ्या पाठीमागेच होतं.

त्याने पुढे संशोधन सोडलं. ते माझ्यामुळेच, असं मी म्हणत नाही. माझ्यामुळे नाही, असंही आजवर म्हणता आलेलं नाही.

अशी कपाटं किती असतील याचा एक हिशेब २००८ मध्ये बाहेर आला. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या १२ नैराश्यविरोधी औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या गेल्या. नियामकाच्या मते ३८ अनुकूल होत्या, त्यातल्या ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अनुकूल वाटतील अशा लिहिल्या गेल्या आणि फक्त ३ जशा होत्या तशा आल्या. दुसरी तुकडी ‘बिघडली’ म्हणून तू बाजूला ठेवणार आहेस ना? त्या २२ मध्ये भर घालतो आहेस.

तुझ्या दादाविषयी लिहिलेला परिच्छेद वाचून जीव कळवळला. नैराश्यात मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी असतं हेच सिद्ध होत नाही, मग गोळ्या कशाला, असं तू त्याला बोलून बसलास. का रे असं केलंस? पुन्हा नावात आणि निरीक्षणात गल्लत. पन्नासच्या दशकात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे औषध देताना डॉक्टरांना दिसलं, की माणसं हुरूपाने वावरू लागली आहेत. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांनी, सिझोफ्रेनियासाठी आलेलं इमिप्रामीन नैराश्याच्या रुग्णांना उपयोगी पडतं हे टिपलं. मेंदूतल्या रसायनांच्या कमतरतेची उपपत्ती मागाहून आली. ती तोकडी आहे हे मलाही मान्य. सेरोटोनिनवर परिणाम करणाऱ्या गोळ्यांचं रासायनिक काम काही तासांत सुरू होतं, उतार पडायला आठवडे का लागतात, याचं उत्तर तिच्यात नाही. पण उपपत्ती पडली म्हणून उतार खोटा ठरत नाही. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा सगळी २१ औषधं सरासरीने औषध नसलेल्या लुटुपुटीच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक माफक होता, सगळ्यांना सारखा नव्हता, पण होता. आज संध्याकाळीच दादाला सांग, की गोळ्या त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आणि तो किती वाजता झोपला, काय जेवला, कुणाशी बोलला, हे बघ. त्याच्या मेंदूत काय चाललं असेल ते राहू दे.

लोक मला हट्टी म्हणतात. पुढे एका मोठ्या अनुदानाच्या अर्जात ‘नैराश्याचं प्रारूप’ हे शब्द घाला, असं सुचवलं गेलं. मी ‘दीर्घ ताणानंतर हालचालीत होणारे बदल’ एवढंच लिहिलं. पैसे मिळाले नाहीत, दोन सहायकांना जावं लागलं. दोन शब्दांनी काय बिघडलं असतं, असं त्यातला एक जाताना म्हणाला. बिघडलं असतं. मेंदूतल्या सीआरएफ या ताणाच्या संप्रेरकाला अडवणारी औषधं आठव. प्राण्यांमध्ये इतकी आशा दाखवून माणसांच्या चाचण्यांत ती बहुतेक फसली. त्यामागे कारणं अनेक असतील, पण प्राण्याच्या वागण्याला माणसाच्या आजाराचं नाव देऊन निर्धास्त होणं हे त्यातलं एक आहे, असं मी ठामपणे मानते. तो सहायक चांगला होता. त्याला हे नीट समजावायला हवं होतं, ते राहिलं.

आणि आता तुझ्या पत्रातली जी ओळ तू ओझरती लिहून पुढे गेलास, ती. दुसऱ्या तुकडीच्या वेळी तुझी सहकारी रजेवर होती आणि पिंजरे तू हाताळलेस. पुरुषाच्या नुसत्या वासाने, त्याने घातलेल्या शर्टानेसुद्धा, उंदरांमध्ये ताणाची प्रतिक्रिया उठते, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं आहे. मग ज्यांना ताण द्यायचा नव्हता, त्या गटालाही तो बसला असेल का? हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण उदासी शोधता शोधता तू हे पाहिलंच नाहीस. रक्त किती वाजता काढलं तेही तू लिहिलेलं नाहीस. उंदीर निशाचर आहे, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक दिवे मालवायच्या सुमाराला चढतं, आपलं कॉर्टिसोल सकाळी. वेळेवाचून ते आकडे मला वाचता येणार नाहीत.

वहीची पानं जशीच्या तशी पाठव, खाडाखोडीसकट. दुसरी तुकडी आधी. माझी ती जुनी वही मी कपाटातून काढून टपालाने पाठवते आहे. तुझ्या निबंधात घ्यावीशी वाटली तर घे, माझ्या नावानिशी.

दादाला आशीर्वाद सांग.