प्लॉट विका, पण राजीनामा लिहू नका

प्रश्न: मी ४१ वर्षांची, नागपुरात अनुदानित शाळेत शिक्षिका. सात वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करते. औषध चालू असूनही गेल्या वर्षात त्याचे दोन अटॅक आले. मेक्सिकोतल्या एका केंद्राने स्टेम सेल ट्रान्सप्लांटचे ५५,००० डॉलर सांगितलेत, म्हणजे साधारण ४८ लाख. ॲडव्हान्स महिनाअखेर भरायचाय. बेसाचा प्लॉट विकून ४५ लाख येतील, घरावर १५ लाखांचं कर्ज काढू आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेईन, असं ठरतंय. एफडी १२ लाख, माझं पीपीएफ ९ लाख. मिस्टर बुटीबोरीला नोकरीत, मुलगा अकरावीत. सासूबाई त्यांचं सोनं द्यायला तयार आहेत.

उत्तर: ताई, प्लॉट विकणं मला पटतं. कर्ज पटत नाही. आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तर लिहायलाच घेऊ नका.

आधी नोकरीचं, कारण तुमच्या पत्रात ती एका ओळीत उरकली आहे आणि तुमच्याकडची सगळ्यात मोठी मालमत्ता तीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. त्याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही. वर्गावर उभं राहणं जमेना तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांच्या वर निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवावं लागतं. अनुदानित संस्था या व्याख्येत येतात. हे सगळं तुम्ही स्वतःहून सोडून द्यायला निघालात! शाळेच्या क्लार्ककडून अर्जित आणि अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे ते लेखी घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर प्राप्तिकराच्या जुन्या कररचनेत ७५,००० ची वजावटही मिळते.

आता ४८ लाखांत नेमकं काय मिळतंय ते. मी डॉक्टर नाही, पण एवढी रक्कम कशावर जाते हे विचारणं माझं काम आहे. ‘स्टेम सेल’ या एकाच पाटीखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत केमोथेरपी देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसतात आणि तुमच्याच रक्तातल्या पेशी परत देतात. तिच्यावर २०१९ मध्ये ११० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. ट्रान्सप्लांटच्या गटात आजार बळावलेले ३ निघाले, औषधांच्या गटात ३४. ते सगळे तुमच्यासारखे, औषध चालू असताना अटॅक येणारे रुग्ण होते. दुसरी म्हणजे केमो नाही, नुसतं चरबीतल्या किंवा नाळेतल्या पेशींचं इंजेक्शन. तिच्यामागे असा पुरावा नाही, त्यासाठी प्लॉट काय, एक एफडीसुद्धा मोडू नका. केंद्राच्या कागदावर केमोच्या औषधांची नावं आहेत का ते बघा आणि तो कागद घेऊन तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडे जा. रिटुक्सिमॅब हे औषध देऊन झालंय का, हेही त्यांना विचारा. आपल्याकडे बरेच डॉक्टर ते एमएससाठी वापरतात, भारतीय कंपन्यांचं मिळतं आणि या रकमेपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. ते अजून दिलेलं नसेल तर मेक्सिको थांबू शकतं.

डॉक्टर ‘जा’ म्हणाले असं धरून हिशोब करू. ४८ लाख, वर दोघांचं विमान, किरकोळ खर्च मिळून ४, एकूण ५२. डॉलर एक रुपयाने वाढला की तुमचे ५५,००० वाढले, हे लक्षात असू द्या. १० लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर घेईल. परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या ए२ फॉर्मवर कारण ‘वैद्यकीय उपचार’ हेच लिहा, दर कमी लागतो. भेट म्हणून पाठवलेत तर २० टक्के. रिटर्नमध्ये ते परत मिळतं, पण तोवर हातचे गेलेले असतात.

प्लॉटचे ४५ हातात ४५ येणार नाहीत. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेला असेल तर नफ्यावर १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के, जो कर कमी बसेल तो निवडता येतो. दोन्ही आकडे सीएकडून काढून घ्या. मी हातात ४१ धरतो. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर गिऱ्हाइकाला बँक कर्ज देत नाही, मग रोखीवाला येतो आणि भाव पाडतो. त्यात तुम्हाला महिनाअखेरची घाई आहे हे त्याला कळलं तर विचारूच नका.

तूट ११ लाखांची. पीपीएफला पाच वर्षं झाली असतील तर जीवघेण्या आजाराच्या उपचारासाठी ते मुदतीआधी बंद करता येतं, व्याज एक टक्का कमी धरतात; तुमचा आजार त्यात धरतील का ते आधी विचारून घ्या. ते ९ आणि एफडीतले २. कर्ज लागलंच नाही. उरलेल्या १० लाखांच्या एफडीला हात लावायचा नाही, कारण परत आल्यावर कित्येक महिने संसर्ग जपायचा, लसी पुन्हा घ्यायच्या, वारंवार तपासण्या. शिवाय आपला मे महिना! एमएसमध्ये उष्णतेने त्रास वाढतो हे तुम्हाला मी काय सांगावं. ४५ अंशांत कूलरवर भागणार नाही, एसी आणि त्याचं बिल औषधाच्याच खात्यात धरा.

मेडिक्लेमवर विसंबू नका. परदेशातले आणि सिद्ध न झालेले उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. मात्र जुन्या एखाद्या विम्याला क्रिटिकल इलनेस रायडर (ठराविक गंभीर आजार झाल्यास पैसे देणारी जोड) आहे का, ते कपाटातून काढून बघा. त्याच्या ठराविक आजारांत सहा महिने लक्षणं टिकलेला मल्टिपल स्क्लेरोसिस असतो.

ॲडव्हान्स भरण्याआधी ईमेलवर एकच प्रश्न विचारा: तिथल्या तपासणीत तुमच्या डॉक्टरांनी मला नाकारलं तर किती पैसे परत? उत्तर गोलमोल आलं तर तारीख जाऊ द्या.

सासूबाईंचं सोनं विकू नका. प्लॉटचा इसार झाला, रजिस्ट्रीला महिनाभर आहे आणि केंद्राला पैसे आधी हवेत, असं झालं तर तेवढ्यापुरतं त्यावर गोल्ड लोन घ्या आणि रजिस्ट्रीच्याच आठवड्यात सोडवून आणा.